दुसरी बाजू

रेकॉर्डच्या लेबलावरचं निळ्या शाईतलं ते नाव अंगठ्याने पुसलं जाईना... पुसायचं तरी कशाला? माल जाणार, भिंत मोकळी होणार, तिथे पलंग आला की पडल्यापडल्या डॅन्यूब दिसणार — राडोयकाचा हिशोब पक्का होता, फायदा सगळा तिचाच. नवऱ्याला, स्वेतोझारला, जाऊन तीन हिवाळे झाले. त्याच्या रेकॉर्डी आता नुसती धूळ खात होत्या.

जुन्या रेकॉर्डी घेणारा स्रेच्को जमिनीवर मांडी ठोकून बसला होता. आल्याआल्या तिने रीतीप्रमाणे चेरीचा मुरांबा आणि पाणी पुढे केलं. रीत एका चमच्याची. त्याने दोन खाल्ले. तिने पाहून ठेवलं.

"काकू, निम्म्यांवर भलत्यांचीच नावं!"

"उसन्या आणायचा. परत दिली की येणंजाणं संपतं, म्हणायचा."

झेमून गावात तेव्हा सगळेच लेबलावर नाव घालत — नाचाला नेलेली रेकॉर्ड घरी येईल याची खात्री कुणाला होती?

"आणि ही? राडोयका... ही तर तुमचीच की!"

एकोणीस वर्षांच्या पोरीचं गोल गोल अक्षर. स्वेतोझारला आठवड्याच्या बोलीवर दिली होती मी. गुरुवारी मागायला गेले, तर म्हणाला, दुसरी बाजू ऐकायची राहिलीय. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही... चौथ्या गुरुवारी त्याच्या आईने न विचारता माझ्यासाठी कॉफीचा तिसरा कप मांडला, आणि मग मागायचं राहूनच गेलं. पुढे संसाराची सेहेचाळीस वर्षं भांडणात हुकमी पान एकच — माझी रेकॉर्ड ढापलीस! तो हसायचा नुसता.

स्रेच्कोने रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. "पहिली बाजू झिजून पांढरी पडलीय. दुसरी मात्र कोरी, काकू. सुई टेकलेलीच नाही."

"नीट बघ."

"बघितलं. चांगला माल आहे. कापसावर थेंबभर दारू घेतली की नावही जाईल. पुसू?"

राडोयका भिंतीकडे पाहत राहिली. पलंगाला एवढी जागा लागते थोडीच... त्या बाजूला कुठलं गाणं होतं? तिला आठवेना. म्हणजे तो खोटं बोललाच नव्हता; दर गुरुवारी, तिचं येणंजाणं संपू नये म्हणून, ऐकायची राहिलेली होती, मरेपर्यंत राहिलेली होती. ती मात्र आयुष्यभर आपलाच तोटा मोजत आली — आणि गाण्याला मुकला तो.