दोन बॅटऱ्या आणि मी

कट्, कट्, कट्. दुपारचं सगळं घर गप्प होतं आणि ड्रायव्हरांची लेक स्टुलावर चढून कपाटावर माझं बटण फिरवत होती, आवाज वाढावा म्हणून. पण मित्रांनो, मी वाजणार कसा? माझ्या पाठीमागच्या तारा गुंडाळून दोऱ्याने बांधल्या होत्या. मी एक जुना स्टिरिओ, ट्रकमधून हाकलून दिलेला.

माझी पहिली वर्षं एका मोटारीत सुखात गेली. पुढे मालकाने माझ्या जागी चकचकीत टचस्क्रीन बसवला आणि मी इलेक्ट्रिशियनच्या दुकानात, फुटक्या दिव्यांच्या शेजारी येऊन पडलो. तिथून ड्रायव्हरांनी मला उचललं. त्यांचा लांबचा पल्ला; शेजारी बोलायला कुणी नाही, आणि जेवण झालं की डोळे जड व्हायचे. बायकोनेच हट्ट धरला होता, "अहो, गाणी लावत जा. तेवढीच सोबत."

"ट्रक घेऊन या, नीट बसवून देतो," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"दोन तारा तर जोडायच्या. त्यात काय मोठं!" ड्रायव्हर म्हणाले.

डॅशबोर्डमधला खण मला अपुरा पडत होता. त्यांनी तो करवतीच्या पात्याने कापला, कडांना कानस मारली आणि मला आत सरकवलं. पुढून मी अगदी मापात बसलो. चूक मागे होती. ट्रकला दोन बॅटऱ्या. दोघी मिळून चोवीस व्होल्ट देतात, आणि मला लागतात बारा. म्हणून त्यांनी माझी तार दोघींपैकी एकीलाच जोडली. ट्रकतळावर सगळे ड्रायव्हर असंच करतात.

मी जीव ओतून वाजलो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर ठेका धरून माझ्याबरोबर बेसूर गायचे. तळावर माझं कौतुक झालं. आणि एका सकाळी ट्रक सुरूच होईना, नुसता कण्हला. माल उशिरा पोचला, बोलणी बसली. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. "हा डबाच पनवती आहे!" म्हणत त्यांनी मला उपटलं आणि कपाटावर ठेवलं.

पुढच्या खेपेला ते माझ्याशिवाय गेले. ते परतले त्या दुपारीच लेक माझं बटण फिरवत होती. खिडकीतून दिसलं, ट्रकचा डावा आरसा गायब होता आणि दारावर लांबलचक ओरखडा होता.

"झोप लागली होती?" बायकोने विचारलं.

"लागली नव्हती गं. डोळे मिटले होते नुसते."

तिने मला फडक्यात गुंडाळलं, लेकीचं बोट धरलं आणि म्हणाली, "ट्रक काढा. हा नीट बसल्याशिवाय खेपेला जायचं नाही."

इलेक्ट्रिशियनने बॅटऱ्यांचं झाकण उचललं आणि कपाळाला हात लावला. "अहो, जुंपल्यात दोघी आणि जादा ओझं एकीच्याच मानेवर! ती बिचारी रिकामी होत गेली. यात डब्याचा काय दोष?"

"ऐकताय ना?" बायको म्हणाली. "घरीसुद्धा हेच चाललंय."

ड्रायव्हर खाली वाकून न पडलेला स्क्रू शोधू लागले.

इलेक्ट्रिशियनने मध्ये कन्व्हर्टर बसवला. तो दोघींकडून सारखं घेतो आणि मला माझ्यापुरतं देतो. फ्यूज घातला, तारा घासू नयेत म्हणून टेप गुंडाळली. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना शिव्या देण्याआधी एकदा आमच्या पाठीमागे बघत जा. पुष्कळदा आम्ही बिघडलेलो नसतोच. आम्हाला घाईने बसवलेलं असतं.

किल्ली फिरली. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला आणि मी गाऊ लागलो. ड्रायव्हर खाली इलेक्ट्रिशियनशी बोलत होते. केबिनमध्ये लेक आईच्या मांडीवर बसली होती.

"आता बाबा झोपणार नाहीत ना?"

"नाही. डोळे जड झाले की ट्रक बाजूला लावायचा, असं कबूल केलंय त्यांनी. आणि हा आहे ना सोबतीला."

लेकीने माझ्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"पण आई, बाबांचे डोळे मिटले, तर याला कसं कळणार?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आपला गातच होतो.