कंपनीचा दम

ताईने दातांची डॉक्टर व्हायचं अगदी विचार करून ठरवलं, असं घरचे चेष्टेने म्हणत. समोरचा माणूस तोंड वासून पडलेला, त्यालाही बोलता येत नाही, म्हणजे दोघं बरोबरीला आली. डॉक्टरीणबाई लहानपणापासून अडखळत बोलायच्या. एखाद्या अक्षरापाशी गाडी रुतायची, मान किंचित वर जायची आणि मग धक्का बसल्यासारखा शब्द बाहेर पडायचा. शाळेत त्यांचं नावच 'गचका' पडलं होतं. आता केस पिकायला लागले होते आणि त्या गोष्टीचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं. निदान तशी त्यांची समजूत होती.

त्या संध्याकाळी दवाखाना बंद करून त्या धाकट्या बहिणीकडे चहाला गेल्या, तर भाची गणवेश चढवून आरशासमोर उभी. मावशीच्याच जुन्या शाळेच्या कॅडेट कंपनीची ती यंदाची कमांडर. कंपनीचा रौप्यमहोत्सव रविवारवर येऊन ठेपला होता आणि घरात दुसरा विषय नव्हता.

"साव—" भाची ओरडली. मान किंचित वर करून थांबली. मग, "—धान!"

मावशीचा कप बशीवर खाडकन वाजला.

"हे म-मध्येच काय थांबलीस?"

"अगं, तो आमच्या कंपनीचा दम! दुसऱ्या कुठल्याच कंपनीत नाहीये. 'साव' म्हटलं की दम धरायचा, तोवर कुणी हलायचं नाही. मानसुद्धा अशी वर करायची. संस्थेच्या अध्यक्षांनी सुरू केलं हे. तेच पहिले कमांडर ना!"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मानसुद्धा! मानसुद्धा ढापली मेल्याने!

"प-पहिली कमांडर मी होते."

भाचीला खुदकन हसू आलं. "मावशी, तू? आणि कमांड?" तिने लगेच जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

"ताई, जाऊ दे ना," बहीण ओट्यापासून म्हणाली. "जुनं उकरून काय मिळणार आहे? तो आता अध्यक्ष आहे. उगाच पोरीच्या कार्यक्रमाला गालबोट नको."

जाऊ दे. आयुष्यभर हेच ऐकत आल्या होत्या बाई. त्यांनी चहा तसाच टाकला आणि घर गाठलं.

खरं काय ते त्यांना लख्ख आठवत होतं. कंपनी नवी निघाली तेव्हा पीटीच्या सरांनी सगळ्यांना मैदानाच्या टोकाला उभं करून ओरडायला लावलं होतं. या पोरीचा आवाज पार फाटकाबाहेर गेला. सरांनी तिथल्या तिथे तिला कमांडर केलं. पहिल्याच परेडला ती 'साव'वर अडकली आणि अख्खी कंपनी फिदीफिदी हसली. सर एवढंच म्हणाले, "ती अडकली तर तुम्ही थांबायचं. हेच तुमचं ड्रिल." आणि त्यांनी खरोखर तसं घोटून घेतलं. वर्षअखेरीला कंपनीला तिच्या आवाजाची अशी सवय झाली, की पुढच्या वर्षी नवा कमांडर सरळ 'सावधान' म्हणाला तर निम्मी पोरं हललीच नाहीत. मग त्यालाही मधे थांबावं लागलं. तो नवा कमांडर म्हणजे हाच, आजचा अध्यक्ष. याला तेव्हा सगळे पोपट म्हणत, कारण पाण्याच्या टाकीमागे पोरं जमवून तो गचक्याची हुबेहूब नक्कल करून दाखवायचा. मान वर करून. ती टाकीच्या अलीकडे नळावर हात धूत असायची, आणि तिला सगळं ऐकू यायचं.

रविवारी बाई गेल्या. काही ठरवून गेल्या नव्हत्या. तिसऱ्या रांगेत बहिणीशेजारी बसल्या. मैदानावर नवी फक्की ओढलेली, कंपनी विश्राममध्ये उभी, पुढे भाची. मंचावर अध्यक्ष, पोटावर जेमतेम बसणारा पट्टा आणि डोक्यावर कंपनीची जुनी टोपी.

"पहिल्याच परेडला माझ्या मनात आलं," अध्यक्ष माईकवर सांगू लागले, "सैनिकाला आधी काय यायला हवं? धीर! त्यातून मला हा दम सुचला."

टाळ्या. बाईंनी पर्सचा पट्टा मुठीत आवळला.

"तेव्हा काही जण मला हसले. माझ्या नकला केल्या. पण मी डगमगलो नाही."

इथे मात्र हद्द झाली. आवाज चोरलास, मान चोरलीस, ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण हसणाराही तूच आणि ज्याचं हसं झालं तोही तूच? टाकीमागचं ते हसू गिळायला बाईंना निम्मं आयुष्य लागलं होतं, आणि हा त्याच्यावर टाळ्या घेत होता!

"आता कंपनीचे पहिले कमांडर कंपनीला सावधान देतील," निवेदन करणाऱ्या शिक्षिकेने पुकारलं. अध्यक्ष फोटोवाल्यासाठी टोपी नीट करत उभे राहिले.

बाई उठल्या. बहिणीने पदर धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. फक्कीची रेघ ओलांडून त्या सरळ कंपनीसमोर गेल्या.

"मावशी, नको ना," भाची ओठ न हलवता पुटपुटली. "प्लीज."

"ब—" बाई अडकल्या. मान किंचित वर गेली. "—बाजूला हो."

भाची त्या मानेकडे बघतच राहिली. महिनाभर आरशासमोर उभी राहून तिने जी घोटली, तीच ही मान. तिचे डोळे भरून आले. तिने मंचाकडे एकदाही पाहिलं नाही. मावशीला कडक सलाम ठोकला आणि एक पाऊल बाजूला सरकली.

"अहो डॉक्टर, हे काय चाललंय?" माईक घुमला. "कुणीतरी बाईंना जागेवर बसवा!"

"साव—"

आवाज फाटकाबाहेर गेला आणि बाई अडकल्या. अशा अडकल्या, जशा कित्येक वर्षांत अडकल्या नव्हत्या. जबडा आवळला, 'ध' काही केल्या सुटेना. खुर्च्यांमध्ये कुणीतरी खिंकाळलं. अध्यक्षांचा दम कसा मापात असायचा, ठरल्यासारखा. याला तर अंतच दिसेना. पण समोर एकही बूट हलला नाही. एकही ओठ हसला नाही. पोरं बाईंच्या तोंडाकडे बघत थांबली होती. ती थांबायलाच शिकली होती.

"—धान!"

सगळ्या टाचा एकदम वाजल्या.

मंचावरही एक जोडी वाजली. जुनी सवय, दुसरं काय! अध्यक्ष टोपीसकट ताठ उभे होते, हात पँटच्या शिवणीला, नजर समोर. आपण काय केलं हे ध्यानात येऊन त्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण आता अख्ख्या कंपनीदेखत हलणार कसे? फोटोवाला धडाधड फोटो काढत होता.

आता 'विश्राम' म्हणायचं राहिलं होतं. ते म्हटल्याशिवाय कुणाला हलता येणार नव्हतं. आणि 'व' तर बाईंचा जन्माचा वैरी.

पण त्यांना कुठे घाई होती?