घामात बसायचं नाही

शरदिनीने सोललेल्या मटारातला एक दाणा उचलून सुनेसमोर टेबलावर ठेवला.

“एवढीच. याहून जास्ती नाही.”

तेजश्रीने ट्यूब दाबून बोटाच्या टोकावर क्रीम घेतली, दाण्याशेजारी बोट धरून मापली आणि हसू दाबत आरशाकडे वळली. चेहरा कोमट पाण्याने धुऊन, न घासता नुसता टिपून, पुरता कोरडा होईपर्यंत ती थांबली होती. आधी काही दिवस हीच क्रीम कानामागे लावून पाहिली होती. तिथे खाज नाही की लाली नाही. आता कपाळ, गाल, हनुवटी. डोळ्यांपासून आणि नाकाच्या कडांपासून लांब. शरदिनी खुर्ची ओढून समोरच बसली होती. जन्मभर गणित शिकवलेल्या या बाईला कोणाचीही मधली पायरी गाळलेली खपत नसे.

लग्न होऊन कऱ्हाडहून बनारसला आली तेव्हा तेजश्रीचा चेहरा चांगला नितळ होता. इथे पाणी बदललं, तेल बदललं आणि गालांवर पुटकुळ्या उठल्या. तिने लिंबू चोळून पाहिलं, टूथपेस्ट लावून पाहिली, मग शेजारणीने दिलेली गोरं करणारी क्रीम. त्याने चेहरा आणखीच बिघडला, तेव्हा शरदिनी तिला डॉक्टर मालविकाकडे घेऊन गेली. मालविका तिची जुनी विद्यार्थिनी. तिने शेजारणीची ट्यूब सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली, साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, रात्री लावायची एक क्रीम आणि बाहेर जाताना लावायचं सनस्क्रीन लिहून दिलं आणि रात्रीची क्रीम एकाआड एक दिवसच लावायची असं बजावलं. तेजश्री खाली औषधं आणायला गेल्यावर मालविकाला एक सांगायचं राहिलेलं आठवलं. ते तिने शरदिनीला सांगितलं, आणि शरदिनीने घरी येऊन सुनेला.

“आणि हो, हे लावतेस तोवर घामात बसायचं नाही.”

तेजश्रीने मान डोलावली.

घाई होती ती संक्रांतीची. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे पंचगंगा घाटाच्या आसपासच्या गल्ल्यांमधल्या साऱ्या मराठी बायका येणार, काळी साडी आणि हलव्याचे दागिने घातलेल्या सुनेला डोळे भरून बघणार आणि घरी जाऊन बोलणार. बाजारचे दागिने शरदिनीला चालणार नव्हते. ती रोज दुपारी मंद आचेवर परात ठेवून तिळावर पाकाचे थेंब सोडायची आणि बोटांनी हलवत राहायची. काटे छान येत होते. बोटं भाजत होती, पण त्याबद्दल ती बोलत नसे.

तिला अभिमान होता तो हलव्याचाही नव्हता. तो होता भाषेचा. या घराचा नियम एकच, उंबऱ्याच्या आत हिंदी नाही. मुलगा प्रसन्न रेल्वेच्या कारखान्यातून येऊन चुकून ‘माँ, चाय’ म्हणाला तर त्याला चहा मिळत नसे. पिढ्यान् पिढ्या गंगेकाठी राहून आम्ही मराठी जपली, असं ती कोणालाही सांगे, आणि पुढच्याच वाक्यात अलमारीतून चादर काढायला लावी. तेजश्रीला याची गंमत वाटायची. आपल्याशी बोलणारी दोनच माणसं असलेल्या शहरात ती गंमत तिला पुष्कळ होती.

दोन दिवसांनी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि जरा संकोचून म्हणाली, की पोळ्या आज प्रसन्नने केल्या तर चालतील का.

“का गं?”

“आत घाम येतो, आई. तुम्हीच म्हणालात ना.”

शरदिनी आत जाऊन बघून आली. खरंच, खिडकीतून ओट्यावर चांगला हातभर उजेडाचा पट्टा पडला होता. सून सांगितलेलं इतकं मनावर घेते याचं तिला बरं वाटलं. तिने जुनं लुगडं फाडून त्या खिडकीला पडदा लावला. तेजश्री त्या पडद्याकडे बघत राहिली. आता तर वाराही बंद झाला होता. मग तिने शेगडीपाशी उभं राहणंच कमी केलं, भाजी चिरायला बाहेर बसू लागली, घाटाच्या पायऱ्यांवरचं रोजचं फिरणंही थांबवलं. शरदिनीला वाटलं, पडदा लावून दिला तरी हिचं चालूच आहे. नवी नवलाई, दुसरं काय.

धुकं विरलं की तेजश्री गच्चीवर जाऊन बसायची. मुलं पतंग उडवत असत, खाली नदी असे, आणि हवा अशी गार की अंगावर शाल लागे. घाम येण्याचा प्रश्नच नव्हता. सनस्क्रीन बाहेर जाताना लावायचं होतं, आणि गच्ची काही बाहेर नव्हती. शरदिनी गुडघ्यांमुळे सणावाराखेरीज गच्चीवर जाणं कधीच सोडून बसली होती. खालून तिला एवढंच कळे की सून वर आईशी फोनवर बोलते आहे.

संक्रांतीच्या आठवड्यात चेहरा पेटला. गाल आणि नाकाचा शेंडा लालबुंद झाले, कातडी सुटायला लागली, साधं पाणी लागलं तरी चरचरायचं. तेजश्रीने तरीही मटाराएवढंच माप ठेवलं होतं. कुठे चुकलं ते तिला कळेना. फोनवर आईने विचारलं की क्रीम कोणी दिली, कोणाच्या ओळखीची डॉक्टर, समोर बसून कोण लावायला लावतं. तेजश्रीने उत्तरं दिली. सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकच येत होतं. तिने फोन ठेवला आणि त्या रात्री क्रीम लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसन्नला म्हणाली, मला कऱ्हाडचं तिकीट काढून दे, संक्रांतीच्या आधीचं.

शरदिनीने ते ऐकलं. हातातली हलव्याची माळ तिने परातीत ठेवून दिली. मग चप्पल घातली आणि म्हणाली, जायचं तर जा, पण आधी डॉक्टरकडे चल. तिने स्वतःहून विचारलं नाही तरी तिला एवढं कळत होतं, की सून आता तिच्याकडे बघून बोलत नाही.

मालविकाने चेहरा दिव्याखाली धरून नीट पाहिला.

“धूप में बैठीं?”

“छत पर बैठती थी,” तेजश्री म्हणाली. पुढचा हिंदी शब्द तिला पटकन सापडेना. “लेकिन वहाँ घाम नहीं होता.”

मालविकाला हसू आलं. “छत पर घाम नहीं होता, तो कहाँ होता है?”

“रसोई में.”

मालविकाने शरदिनीकडे पाहिलं. शरदिनीला आधी खिडकीवरचा लुगड्याचा पडदा आठवला. मग त्याच्यामागून सगळंच आठवलं. पुस्तकातला घाम तिला ठाऊक होता. घाम गाळणे, घामाघूम होणे, हे तिने वाचलंही होतं. पण तिच्या तोंडात अंगातून निथळतो तो पसीना, आणि गच्चीवर पडतं ते ऊन म्हणजे घाम. दूधवाला तसंच म्हणे, कामवाली तसंच म्हणे, तिची आईही तसंच म्हणे. घरात शिरलेला हा शब्द उंबऱ्याबाहेरचा आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. कऱ्हाडच्या मुलीने त्याचा अर्थ लावला होता तो बरोबरच होता. शरदिनीला फार लाज वाटली.

“गलती मेरी है,” ती म्हणाली.

मालविकाने क्रीम पूर्ण बंद करायला सांगितली. चेहरा भरून येईपर्यंत नुसतं मॉइश्चरायझर, गच्ची बंद, आणि घरातही सकाळी सनस्क्रीन. संक्रांतीपर्यंत ठीक होईल का, या प्रश्नाला तिने स्पष्ट नाही म्हटलं, आणि वरून मेकअप चोपडायचा नाही असंही सांगितलं.

परतताना टोटोत, बॅटरीवरच्या रिक्षात, शरदिनी सुनेच्या डाव्या बाजूला बसली होती. गोदौलियाच्या चौकात गाडी वळली तशी ती उठून दुसऱ्या बाजूला बसली. पुढच्या वळणाला पुन्हा उठली. आपली सावली सुनेच्या चेहऱ्यावर राहावी म्हणून हे चाललंय, हे तेजश्रीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

“मी मुद्दाम नाही केलं,” शरदिनी म्हणाली. “आता तुला जायचं तर जा.”

संध्याकाळी प्रसन्नने गाड्यांची विचारणा केली तेव्हा तेजश्री म्हणाली, राहू दे.

हळदीकुंकू दरवर्षी गच्चीवर व्हायचं. यंदा शरदिनीने बैठकीच्या खोलीतच सतरंजी अंथरली. बायका दाटीवाटीने बसल्या. प्रभावतीकाकू वयाने सगळ्यांत मोठ्या, त्यांनी तर आल्या आल्याच कुरकुर केली, की वर छान घामात बसलो असतो, इथे कुठे कोंडून घातलंस. मग त्यांचं लक्ष तेजश्रीकडे गेलं. काळी साडी, गळ्यात, हातांत, कानांत पांढराशुभ्र काटेरी हलवा, आणि वर सोललेल्या गालांचा चेहरा.

“अगं, सुनेच्या चेहऱ्याला काय झालं?”

तेजश्रीने मान खाली घातली. शरदिनीच्या हातात तिळगुळाची वाटी होती.

“माझ्या मराठीने भाजला,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, खिडकीवरच्या लुगड्यासकट. तिच्या मराठीचे धडे ऐकून कंटाळलेल्या बायका पोटभर हसल्या. तीही शेवटी थोडीशी हसली, पण तिचे कान लाल झाले होते. प्रभावतीकाकूंना यात हसण्यासारखं काय ते समजलंच नाही. घामाला घाम नाही तर काय म्हणायचं, असं त्या शेजारणीला विचारत राहिल्या.

दिवस कलला तशी खोलीत गर्दी वाढली. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपा उजेड आत आला. बायका पदराने वारा घेत होत्या.

“आई,” तेजश्री म्हणाली, “घाम येतोय.”

शरदिनी लगबगीने उठली आणि मधेच थांबली. एका भिंतीवर पंख्याचं बटण होतं, दुसऱ्या भिंतीत खिडकी.

“कोणता?”

“तुमचा.”

शरदिनीने जाऊन पडदा ओढला.