गाडीचं प्रस्थान

माझ्या सासूबाई त्रिपुरसुंदरी राहुकाळात नखसुद्धा कापत नाहीत. चेन्नईत राहुकाळ पाळणारे पुष्कळ आहेत, पण आमच्या सासूबाईंच्या घरी यायचं तर खुद्द राहूलाही वेळ विचारून यावं लागत असेल. मी मूळचा सांगलीचा, नोकरी चेन्नईजवळ सिरुसेरीला, इंजिनिअरची. मैलापुरातल्या या तंजावुरी मराठी घराचा जावई झाल्यापासून रविवारी साडेचार ते सहा या वेळात मी कुठलंही नवं काम सुरू करत नाही. इतर वेळीही फारसं करत नाही, असं माझी बायको जननी म्हणते.

त्या रविवारी सासऱ्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी भंगारात जायची होती. गेले तीन-चार महिने ती बिघडली होती. गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे ड्राइव्हवर, टाकला की गाडी आधी विचार करत बसायची आणि मग एकदम हिसका देऊन निघायची. गिंडीच्या एका मेकॅनिकने बंद गाडीतली गिअर ऑइल मोजायची सळई, म्हणजे डिपस्टिक, उपसून पाहिली. तेल खुणेच्या वरच होतं. "तेल भरपूर आहे, म्हणजे गिअरबॉक्सच गेला," असा निकाल त्याने दिला. मीही एका सकाळी थंड गाडीत तसंच पाहून मोठ्या ऐटीत तोच निकाल दिला. सासऱ्यांनी, म्हणजे सेतुमाधवरावांनी, आशेने आणलेल्या तेलाच्या बाटल्या डिकीत तशाच पडून राहिल्या.

खरा प्रश्न सासूबाईंच्या गुडघ्यांचा होता. रिक्षात त्यांना वाकून शिरता येत नाही, बसची पायरी चढता येत नाही. या एका गाडीच्या सीटवर मात्र त्या नीट बसू शकतात. संध्याकाळी सभेत, म्हणजे इथल्या गाण्याच्या हॉलमध्ये, गाणं ऐकायला जायचं, नाहीतर समुद्रावर जाऊन गाडीतूनच वारा खायचा, एवढंच त्यांचं बाहेरचं जग. गाडी गेली की तेही संपणार होतं. त्या याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या, आणि म्हणूनच घरात कुणाला जेवण जात नव्हतं.

भंगारवाला म्हणाला, टो ट्रक पाच वाजता येईल. पाच म्हणजे भर राहुकाळ. वेळ बदलायला तो तयार होईना.

"मग प्रस्थान ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं चाकरी केली तिने. वाईट वेळेला घरातून जायला नको पां."

पूर्वी मुहूर्त गैरसोयीचा असला की लोक चांगल्या वेळी आपलं गाठोडं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवत. तेवढ्याने प्रवास सुरू झाला असं धरत आणि मग सवडीने निघत. इथे गाठोड्याऐवजी गाडी होती. राहुकाळ लागण्याआधी ती सुरू करून फाटकाबाहेर न्यायची आणि ट्रक येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, असं ठरलं.

"पेट्रोल जळेल त्याचं काय?" मी विचारलं.

"इंजिन बंद केलं तर परत सुरू करायला लागेल. ती नवी सुरुवात झाली की, माप्पिळै!" सासूबाई म्हणाल्या. माप्पिळै म्हणजे जावई. पण त्या ज्या सुरात म्हणतात, त्यात थोडा मूर्खही येतो.

सासऱ्यांनी गाडी हिसके खात बाहेर काढली आणि रस्त्याच्या सपाट तुकड्यावर उभी केली. ट्रकची वाट बघत इंजिन वीस-पंचवीस मिनिटं घुरघुरत राहिलं. मग ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी दांडा सावकाश एकेका गिअरवर नेला, प्रत्येक ठिकाणी जरा थांबले आणि परत 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आणला. देवळातून निघताना लोक एकेका मूर्तीपुढे थांबतात, तसं. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की माझं डोकं तापतं.

"उगाच जीव कशाला टांगणीला लावताय?" मी बॉनेट उघडलं. "तेल भरलेलं आहे, गिअरबॉक्स गेलाय. हे बघा!"

मी डिपस्टिक उपसली, पुसली, आत घातली, पुन्हा उपसली. ती कोरडी ठणठणीत होती. टोकाला कुंकवाएवढा लाल ठिपका, बस्स.

मी फोनवर शोधलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: गाडी सपाट जागी हवी, इंजिन गरम आणि चालू हवं, सगळे गिअर फिरवून दांडा 'पी'वर आणलेला हवा. बंद गाडीत तेल खाली उतरून बसतं आणि कमी असलं तरी भरपूर दिसतं. जे मेकॅनिकने केलं नाही आणि इंजिनिअर असून मी केलं नाही, ते सगळं सासूबाईंच्या राहूने करून घेतलं होतं.

"पण इतकं तेल गेलं कुठे?" सासरे म्हणाले.

मी फडक्यावरचा लाल डाग पाहिला आणि मग फाटकातून आत, गाडीच्या रोजच्या जागेवरचे लाल डाग पाहिले. सासूबाई दर अमावास्येला गाडीची दृष्ट काढून हळद-चुन्याचं लाल पाणी तिथेच ओततात. घरातले सगळे महिनोन्‌महिने त्या डागांना भक्तिभावाने वळसा घालून जात होते.

"अय्यो, मी समजट्लें माझंच पाणी!" सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "वाळत कां नाही, म्हणून दोनदा विचार पण केला!"

डिकीतल्या बाटल्या निघाल्या. मी थोडं ओतायचो, पुसायचो, बघायचो. तेल खुणेपर्यंत चढलं. गळती बुजवावी लागणारच होती, पण ते उद्याचं उद्या. सासऱ्यांनी दांडा 'डी'वर टाकला. हिसका नाही, विचार नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पुढे सरकली. सासऱ्यांनी ब्रेक दाबला आणि चष्मा काढून पुसत बसले. पुसायला चष्म्यावर काहीच नव्हतं.

तेवढ्यात टो ट्रक आला. ड्रायव्हर साखळी घेऊन उतरला. मी त्याला तमिळमध्ये काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, एवढ्यात मागे दार लागल्याचा आवाज झाला. सासूबाई रेशमी साडीत, पर्स मांडीवर घेऊन सीटवर बसल्या होत्या. साडी त्यांनी कधी बदलली, देव जाणे.

त्यांनी काच खाली केली आणि ड्रायव्हरला तमिळमध्ये खडसावलं, "राहुकाळात कुणी वस्तू विकतं का? अक्कल आहे की नाही? जा!"

मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही काय बघतां? प्रस्थान केव्हाच झालंय. चला, सभेत गाणं सुरू होईल."