तेत्सुओच्या बायकोचे तीन वर्षांचे कार्ड

परवान्यांच्या कचेरीतले खिडकीमागचे साहेब, दोष तुमचा आहे. माझ्या पोटावर तुम्ही शेवटचा दिवस छापलात आणि मला मेरिसेलच्या हातात ठेवलेत. कायमच्या परवान्याचा अर्ज कधी करायचा, हे मात्र तिला एका शब्दाने सांगितले नाहीत. ती विचारायला आली तेव्हा मान वर न करता म्हणालात, "संकेतस्थळावर सगळं आहे." होते खरे. तिला वाचता येईल असे त्यात काही नव्हते.

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. जपानी माणसाची बायको म्हणून इथे राहायला मिळते, त्या परवान्याचे. माझ्या आधी मेरिसेलला एकेका वर्षाची तीन कार्डे मिळाली होती. मी तीन वर्षांचे. एका मार्च महिन्यात यंत्रातून कोमट असे बाहेर पडले, तेव्हा माझ्यावर तिचा फोटो होता. त्यात ती हसत नाही, कारण हसायची परवानगी नाही.

चोशीच्या बंदरातल्या त्या घरात माझे फार कौतुक झाले. तिची सासू हारुए, वय चौऱ्याऐंशी. तिने मला देव्हाऱ्यात आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवले, घंटा वाजवली आणि म्हणाली, "बघा हो, सून आता तीन वर्षांची झाली!"

तेत्सुओ हसून म्हणाला, "आई, दात आलेत का बघ तिला."

एवढा आनंद कशाचा, तर तीन वर्षांचे कार्ड हातात असेल तरच कायमचा परवाना मागता येतो. तोवर बायको नवऱ्याला टांगलेली. नवरा आहे तर ती आहे. मेरिसेल फिलिपिन्समधल्या आपल्या गावाहून येऊन तीन वर्षे झाली होती. मूल नव्हते. तिकडचे आईवडील वारले होते. तिचे जे काही होते ते या घरात होते, सासूसकट.

मला कायम जवळ बाळगायचे असा कायदा आहे, म्हणून मी तिच्या खिशात राहिले. तारल्या भरायच्या शेडमध्ये तिच्या ॲप्रनच्या आत, बर्फाच्या गारठ्यात. तिची बोटे दिवसातून दहादा खिसा चाचपायची. माणसे जपमाळ ओढतात तशी.

मी आल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत ती दोघे कायमच्या परवान्याचे विचारायला कागदपत्रांचे जाणकार नाकागोमे यांच्याकडे गेली. त्यांनी निवृत्तिवेतनाच्या हप्त्यांच्या पावत्या एकेक करून उलटल्या आणि चष्मा काढला.

"तेत्सुओसान, हे तीन महिने उशिरा भरलेत."

"भरलेत ना? एक येन बुडवला नाही."

"बुडवला नाहीत. उशिरा भरलात. परवाना देणाऱ्यांच्या लेखी दोन्ही सारखंच."

"अहो, ऑगस्टपासून मी उत्तरेला बोटीवर असतो. समुद्रात हप्ता कुठे भरू? माशाच्या तोंडात? नोव्हेंबरात किनाऱ्याला लागलो की सगळं एकदम भरतो. आमच्याकडे सगळ्याच बोटींवर असं चालतं."

"चालतं. पण बाकीच्यांच्या बायका चोशीच्याच आहेत."



नाकागोमे यांनी हिशेब मांडला. शेवटची उशिराची पावती गेल्या नोव्हेंबरातली. तिथून दोन वर्षे एकही हप्ता चुकता कामा नये. मग डिसेंबरात अर्ज. माझी मुदत त्यापुढच्या मार्चपर्यंत होती, म्हणजे जेमतेम बसत होते. "आत्ता घाई केलीत तर नकार येईल," ते म्हणाले, "आणि तो नकार फायलीत राहील."

घरी हारुएने लेकाला फैलावर घेतले. "बर्फातल्या माशालाही कळतं आपण कधी खराब होणार ते. तुला आपल्या बायकोची तारीख कळेना?"

तेव्हापासून पावत्या मेरिसेलने आपल्या ताब्यात घेतल्या. हप्त्याचा कागद टपालात आला की त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन भरायची. दुकानदारीण चिडवायची, "पळून जाणार आहे का ते सरकार?" मेरिसेल शिक्क्यावरची तारीख तपासल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नसे.

पुढच्या वर्षीच्या जुलैत तेत्सुओचे डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कर्करोग. डॉक्टरांनी नवे वर्ष धरून चालू नका असे सांगितले. डिसेंबरला पाच महिने होते.

"आत्ताच कर अर्ज," हारुए म्हणाली.

"आई, आत्ता केला तर नाकारतील."

"आणि थांबलीस, तोवर हा गेला तर?"

मेरिसेल मला टेबलावर ठेवून बघत बसली. मित्रांनो, ती माझ्याकडे असे बघायची तेव्हा मला माझ्या पोटावरचे आकडे चाटून पुसून टाकावेसे वाटत. तोंड नव्हते, हात नव्हते.

ती नाकागोमे यांच्याकडे परत गेली. नवरा नसेल तर नवऱ्याची बायको म्हणून केलेला अर्ज कोण धरणार, असे ते म्हणाले. अर्ज केल्यावर उत्तराला वर्ष लागते, कधी दीड.

तेत्सुओ गादीवरून म्हणाला, "एवढा लांब हंगाम मी कधी केला नाही बुवा."

"थट्टा नको करूस!" मेरिसेल ओरडली. मग त्याचे पाय चेपत बसली.

तिघेही डिसेंबरपर्यंत थांबले. तेत्सुओ टिकला. भाताची पेज आणि हट्ट, एवढ्यावर टिकला. डिसेंबरच्या दुसऱ्या तारखेला तिने अर्ज दिला. अर्ज पडून असला म्हणून माझी मुदत वाढत नाही, म्हणून फेब्रुवारीत तिने त्याच कचेरीत दुसऱ्या रांगेत उभे राहून माझ्या जागी नवे कार्ड मागितले. मार्चमध्ये ते मिळाले. एका वर्षाचे. तीनावरून पुन्हा एक का, असे तिने विचारले. कारण सांगितले गेले नाही. माझ्या अंगात मात्र यंत्राने रद्द झाल्याचे भोक पाडले. आता मी थर्मामीटर आणि औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर खणात पडून असते.

टपालवाल्याची मोटारसायकल थांबली की घरातले तिघे कान टवकारतात.

परवा पत्र आले. उत्तर नव्हते. नवऱ्याच्या उत्पन्नाचा ताजा पुरावा दोन आठवड्यांत पाठवावा, असे होते.

तेत्सुओचा आवाज आता खणापर्यंत जेमतेम पोहोचतो. "लिही, नवरा सध्या मरायच्या कामावर आहे. पगार नाही."

"गप रे," हारुए म्हणाली. "मेरी, माझं नाव लिही. म्हणावं, ही सून माझ्या खर्चाने राहील आणि मी तिच्या हाताने जेवेन. सहीचा शिक्का आण माझा."

मेरिसेल लिहीत बसली. तीन कागद फाडले.

मित्रांनो, कागद जपा आणि तारखा सांभाळा, एवढेच सांगून थांबायचे होते मला. पण या बाईने दोन्ही सांभाळले. दिवस मोजून थांबायला सांगितले, तर ती नवऱ्याच्या मरणाशी घासाघीस करून थांबली. आता मी तिला कोणत्या तोंडाने शिकवू?

तेव्हा साहेब, विचारायचे ते तुम्हालाच. तेत्सुओ गेला तर ते तिने तुम्हाला चौदा दिवसांत कळवायचे असा तुमचा नियम आहे. रडायचे, जाळायचे, अस्थी वेचायच्या, सासूला सावरायचे आणि कळवायचे, सगळे चौदा दिवसांत. ती कळवेलही. तेत्सुओ अजून जिवंत आहे, आणि तिचा अर्ज तुमच्या टेबलावर सात महिने पडून आहे. तिला चौदा दिवस. तुम्हाला किती?