चार नंबरचं बटण

मित्रांनो, मी एक जुना स्विचबॉक्स आहे. नाव भारदस्त असलं तरी दुकानात मला सगळे 'डबा' म्हणायचे, आणि आता तर तेही कुणी म्हणत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांखाली मी पडून असतो. तुम्ही शाळेत अशी आत्मवृत्तं वाचली असतील. छत्री रडते, खुर्ची रडते आणि शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणते. मी रडणार नाही. मला राग आलेला आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

आधी माझं काम सांगतो. आमच्या दुकानात गाणं ऐकायची महागडी यंत्रं मिळतात. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाजाला बळ देणारं यंत्र, आणि स्पीकर म्हणजे तो आवाज बाहेर सोडणारं. एकेकाची किंमत ऐकली तर तुमचे आईबाबा आधी बसायला जागा शोधतील. इतकी महाग वस्तू कुणी डोळे मिटून घेत नाही, ऐकून घेतात. त्यासाठी दुकानात आतल्या बाजूला एक खोली होती. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, आणि दार लावलं की रस्ता ऐकू येत नसे. मधोमध एकच खुर्ची, समोर उंच असे दोन स्पीकर, बाजूच्या मांडणीवर चार अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्यांच्या खालच्या फळीवर मी. माझ्या तोंडावर चार बटणं. पहिलं दाबलं की पहिलं यंत्र वाजायचं, दुसरं दाबलं की दुसरं. गाणं मध्ये तुटायचं नाही. ऐकणारा मान तिरकी करून बसायचा आणि सांगायचा, दोनपेक्षा एक बरा वाटतोय.

मला ज्यानं घडवलं त्याला मी बाप म्हणतो. बाकीचे त्याला मिस्त्री म्हणत. दुकानाच्या मागच्या गल्लीत त्याची दुरुस्तीची खोली होती, आणि बिघडलेली सगळी यंत्रं दुकानातून त्याच्याकडेच जात. त्यानं माझा पत्रा कापला, कडा कानशीनं घासल्या, आत तारा डाख देऊन जोडल्या आणि प्रत्येक बटणामागे, माझ्या पाठीवर, एक बारीक स्क्रू बसवला. मग मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून तो मालकाकडे घेऊन आला.

"साहेब, एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "आवाज जरासा मोठा असला की कानाला तेच यंत्र चांगलं वाटतं. कुणाचाही कान फसतो, माझासुद्धा. म्हणून आधी या स्क्रूंनी चारही आवाज सारखे करायचे. अंदाजानं नाही, मीटर लावून. मग माणसाला निवडू द्यायचं."

"म्हणजे थोडा मोठा वाजला की चांगला वाटतो?" मालकानं विचारलं.

"वाटतो."

मालकानं मान डोलावली. बापाला वाटलं, साहेबांना समजलं. समजलंच होतं.

पहिलं वर्षभर मी सरळ वागलो. मग एकदा एक बाई आल्या. तासभर त्यांनी बटणं दाबली आणि म्हणाल्या, "मला तर एक आणि चार सारखेच वाटतात. चारच द्या." एक नंबर सगळ्यात महाग होता, चार नंबर सगळ्यात स्वस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान झाडून व्हायच्या आत मालक छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या पाठीमागे बसला. एक नंबरचा स्क्रू थोडा उजवीकडे, चार नंबरचा थोडा डावीकडे. थोडाच हं, कुणाला कळेल इतका नाही. त्या महिन्यात एक नंबरची तीन यंत्रं गेली.

तेव्हापासून माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. मालक प्रत्येक गिऱ्हाइकापुढे माझ्या डोक्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "आमचं ऐकू नका, डब्याचं ऐका. डबा कुणाच्या बाजूचा नाही." लोकांना ते फार पटायचं. खरं सांगतो, मलाही ते आवडायला लागलं होतं. आपल्या शब्दाला मान आहे म्हटल्यावर आपला शब्द खरा आहे की नाही, हे कोण बघत बसतं?

दुकानात दर शनिवारी एक दातांचे डॉक्टर यायचे. घेत काही नसत, पण त्यांचा कान पक्का असं सगळे म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच पडलं होतं कानसेन. डोळे मिटून ते सांगायचे, "एक नंबरात मोकळेपणा आहे. चार नंबर दबल्यासारखा वाटतो." दबणारच. स्क्रू पिळून दाबला होता त्याला. पण कानसेन म्हणाले म्हणजे झालं, गिऱ्हाइकं माना हलवायची. गंमत म्हणजे पाच-सहा वर्षांत मालकही तेच खरं मानायला लागला. रोज सकाळी तो एक नंबर मनाजोगा वाजेपर्यंत स्क्रू फिरवायचा, चार नंबरचा डावीकडेच ठेवायचा, आणि त्याच्या लेखी हेच जुळवणं होतं.

इकडे बापाचं एक वेड होतं. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करता करता त्यानं स्वतःचा एक अ‍ॅम्प्लिफायर करायला घेतला होता. काम संपलं की रोज तास-दीड तास, अशी अकरा वर्षं. ट्रान्सफॉर्मरची तार तो गुंडाळायचा आणि त्याची बायको शेजारी बसून फेरे मोजायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. यंत्र झालं तेव्हा बापाचे हात डाख देताना थोडे कापायला लागले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं त्या मांडणीवर बघितली, एकदा आपलं तिथं बसावं, एवढीच त्याची इच्छा होती. दुसरं करायला आणखी अकरा वर्षं त्याच्याकडे नव्हती.

मालक वाईट बोलला नाही. तो म्हणाला, "आणा, मिस्त्री. एक नंबरबरोबर वाजवू. कानसेन बसतील. वरचढ ठरायचं राहू द्या, नुसता बरोबरीला उतरला तरी दुकानात ठेवतो. दहा नग लगेच करायला सांगतो."

त्या शनिवारी दोघं नवराबायको आली. बापानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. यंत्र चादरीत गुंडाळलेलं होतं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. मालकानं चार नंबरचं यंत्र काढलं आणि त्याच्या जागी बापाचं जोडलं. बापानं खांद्यावरच्या पिशवीची चेन उघडली. आत मीटर होता, मला दिसला.

"साहेब, एकदा स्क्रू बघून घेऊ का?"

"सकाळीच जुळवलेत हो. तुमच्याच पद्धतीनं."

कानसेनांनी घड्याळाकडे पाहिलं. माझा बाप भिडस्त. दोन मोठी माणसं आपल्यासाठी थांबलीत, त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं दिसेल, असं त्याच्या मनात आलं असणार. "राहू द्या मग," म्हणून त्यानं चेन लावून टाकली. अरे बाबा, काढ तो मीटर, असं मी आतल्या आत किती वेळा म्हटलं असेन. पण माझ्याकडे चार बटणं आणि वावभर तार, एवढंच.

कानसेन बसले. एक, चार. एक, चार. मग डोळे उघडून म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका. काम स्वच्छ आहे. पण जीव कमी पडतो. एक नंबर समोर येऊन बोलतो, तुमचा मागे उभा राहून बोलतो."

मालकानं स्वतः बसून ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मलाही वाटलं होतं हो, जमेल म्हणून," तो म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला, हेच मला जास्त झोंबलं.

दाराशी उभी असलेली बापाची बायको हळूच म्हणाली, "अहो, घरी हा असा नव्हता वाजत. खोली भरून जायची."

"घरची खोली लहान आहे."

"खोलीचं नाही म्हणत मी. कुणीतरी अडवून धरल्यासारखा वाटतोय."

"अगं, डबा मी केलाय. माझ्या हातचा आहे. त्यात काही असणार नाही."

मग तो खुर्चीत बसला आणि त्यानं स्वतः माझी बटणं दाबली. त्याच्याइतक्या हलक्या हातानं मला कधीच कुणी दाबलं नव्हतं. आणि मी त्यालाही तेच खोटं ऐकवलं. तो पाच मिनिटं बसला, उठला, चादर झटकली आणि यंत्र पुन्हा गुंडाळलं. बायकोनं दुसरी बाजू धरली.

पुढे सहा-सात महिन्यांनी माझं एक नंबरचं बटण अडकायला लागलं. सगळ्यात जास्त तेच दाबलं जायचं. मालकानं मला बापाकडे दुरुस्तीला पाठवलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्याच्या टेबलावर आलो आणि शेजारी पाहिलं, तर त्याच्या यंत्राची नुसती पेटी. आत फ्यूज, स्क्रू, जुनी बटणं भरून ठेवलेली. दोघांनी मोजून गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर कुणाच्या तरी दुरुस्तीला आलेल्या यंत्रात बसवलेला होता.

बापानं बटण काढलं, बदललं, आणि सवयीप्रमाणे मीटर लावला. आधी एकवर. मग चारवर. मग पुन्हा एकवर. मग त्यानं मीटर खाली ठेवला आणि चष्मा काढला.

बायको चहा घेऊन आली. "काय झालं?"

"काही नाही. बटण अडकलं होतं."

पण तिलाही मीटर वाचता येत होता. तिनं स्वतः टोकं लावून पाहिली. "चारचा एवढा कमी?"

"हं."

"त्या दिवशीही असाच होता?"

तिनं पेटीत हात घातला, मूठभर फ्यूज बाहेर काढले, आता ते ठेवायचे कुठे ते तिला सुचेना, तेव्हा पुन्हा आत ठेवले.

"साहेबांना जाऊन सांगा की," ती म्हणाली.

"काय सांगू? यंत्र आहे कुठे दाखवायला?"

त्यानं माझे चारही स्क्रू मीटरवर सारखे केले आणि प्रत्येकावर लाल रंगाचा एकेक थेंब टाकला, पुन्हा हलू नयेत म्हणून. बिलावर फक्त 'बटण बदलले' एवढंच लिहिलं. मी सरळ झालो, मित्रांनो. मला वाटलं, आता तरी थोडं फेडता येईल.

शनिवारी कानसेन खुर्चीत बसले. एक, चार, एक, चार. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सारखेच वाटतायत," ते म्हणाले. त्याच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं स्वस्तातला चार नंबर घेऊन गेली. मालकाचं डोकं फिरलं.

"मिस्त्रींनी डबा पार बिघडवून ठेवला," तो म्हणाला. "वय झालं. हात गेला त्यांचा."

"मला तर त्यांचं यंत्र ऐकलं तेव्हाच कळलं होतं," कानसेन म्हणाले.

मालकानं सुरीनं लाल रंग खरवडला आणि स्क्रू पहिल्यासारखे फिरवले. त्या दिवसानंतर दुकानातून बापाकडे एकही यंत्र दुरुस्तीला गेलं नाही. एकदा मालक कुणाला तरी सांगत होता, हल्ली मिस्त्री इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करतात म्हणे. पुढे दुकानात रिमोटवर चालणारा नवा चकचकीत स्विचबॉक्स आला आणि मला इथं आणून टाकलं. त्या नव्यालाही मागे स्क्रू आहेत, जाता जाता मी पाहिले.

आता शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागावं, अशी रीत आहे. मला पुसू नका, तेलपाणी करू नका, माझ्यावर धूळच बरी. मागायचं ते तुमच्यासाठीच मागतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि आपल्या हातचं काही घेऊन कुणापुढे उभे राहाल. तेव्हा पिशवीतला मीटर बाहेर काढा. समोरचा घड्याळ बघेल, तोंड वाकडं करेल, करू दे. आणि दारातून कुणी घरचं माणूस काही सांगत असेल, तर त्याला गप्प करू नका. माझे चार स्क्रू तपासायला दोन मिनिटं पुरली असती. ते यंत्र करायला अकरा वर्षं लागली होती.