फॅक्स पावला

सकाळी साडेआठला आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये अकरा माणसं डोळे मिटून उभी होती. सगळे संगणक बंद. सगळ्यांचे मोबाइल बंद करून नमुन्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवलेले. मधोमध टेबलावर फॅक्सचं मशीन आणि त्याच्या तारेवर तांब्याचं कडं मागंपुढं सरकवत पुटपुटणारे लहरीबुवा. त्या अकरा जणांत आमचे डॉक्टरसाहेबही होते. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर तीन पदव्या टांगलेल्या आहेत. मी बारावी पास, रिपोर्ट टाइप करणारी. माझे डोळे तेवढे उघडे होते.

मशीननं शिट्टी घातली, खरखर केली, दोन पानं गिळली आणि पोचल्याची पावती बाहेर टाकली.

"पावला," डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे फॅक्स जायचा बंद झाला आणि पावायला लागला.

आजच्या काळात फॅक्स कशाला, म्हणून हसू नका. मोठ्या इस्पितळांच्या नियमावल्या जुन्या असतात आणि त्या बदलणारी माणसं त्याहून जुनी. त्यांना सहीशिक्क्याचा कागद फॅक्सनंच लागतो. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरसाहेबांनी जुना टेलिफोन काढून इंटरनेटवरचा घेतला. भिंतीला एक पांढरा डबा लागला. बोलणं एकदम स्वच्छ, पलीकडचा माणूस चहा फुंकतोय तेही ऐकू येई. फॅक्स मात्र सुरू व्हायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानाला माना टाकायचा. मेकॅनिक आला, रबरी रूळ पुसून गेला. मग नवं मशीन आणलं, तेही तिसऱ्या पानाला मेलं. शेवटी कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीनं लहरीबुवा आले. त्यांच्या कार्डावर 'ध्वनिसाधक' असं छापलं होतं. लहरीबुवा हे नाव मी ठेवलेलं.

"यंत्र बिघडलेलं नाही," पहिल्याच दिवशी मशीनवर हात ठेवून ते म्हणाले होते, "दुखावलेलं आहे. पूर्वी त्याचा स्वर जमिनीतून जायचा. आता अधांतरी लोंबकळतोय, आणि या संगणकांच्या लहरी त्याला टोचतात."

"टोचतात म्हणजे नक्की कुठे?" मी विचारलं.

"ज्याची जाणीव बोथट, त्याला ते कळायचं नाही."

"मला नाही हो, मशीनला कुठे टोचतात ते विचारतेय."

डॉक्टरसाहेबांनी डोळे वटारले. मग बुवांनी विधी सांगितला. सकाळी साडेआठला सगळी यंत्रं बंद, सगळ्यांचं मौन, कड्याचे अकरा फेरे. आणि खोटं कशाला सांगू, फॅक्स जायला लागले. पंधरा दिवसांत बुवांना स्वतंत्र खुर्ची आणि स्वतंत्र कप मिळाला. मला खुर्ची मिळायला चार वर्षं लागली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मध्ये ड्रायव्हरकाका आले. गावोगावचे नमुने गोळा करून आणणारे आमचे काका. त्यांची बायको तीन वर्षं डायलिसिसवर होती. आता तिची धाकटी बहीण मूत्रपिंड द्यायला तयार झाली होती. दोघींचं रक्त जुळतं का, याचा नऊ पानांचा रिपोर्ट आम्ही करत होतो. शस्त्रक्रियेला परवानगी देणारी इस्पितळाची समिती रिपोर्ट तयार होणार त्याच दिवशी दुपारी चार वाजता बसणार होती. चारच्या आत नऊच्या नऊ पानं एका दमात, एकाच पावतीवर पोचायला हवीत, असा त्यांचा नियम. नाही पोचली तर पुढची बैठक दीड महिन्यानं. काकूंच्या तब्येतीचं दीड महिन्यानं काय असेल, हे तिथले डॉक्टर सांगायला तयार नव्हते. इस्पितळ गाडीनं सहा तासांवर, आणि रिपोर्टवर सही झाली दुपारी पावणेदोनला.

दोन वाजता विधी झाला. यंत्रं बंद, मौन, अकरा फेरे. चौथ्या पानाला मशीननं मान टाकली. पुन्हा फेरे घेतले, तर तिसऱ्यालाच.

बुवांनी डोळे उघडले. "इथे कुणाच्या तरी मनात किंतू आहे." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याहून जास्त रोखून पाहिलं, तेव्हा ते ड्रायव्हरकाकांकडे वळले. "तुमचाच विश्वास डळमळतोय. यंत्राला कळतं ते."

काका बाहेर पॅसेजमध्ये गेले. मी मागं गेले तर भिंतीला टेकून उभे होते.

"काल गाडी चालवताना माझ्या मनात आलं होतं, की हे थोतांड असलं तर?" ते म्हणाले. "माझ्यामुळंच अडलं का गं ताई?"

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. तोवर मला बुवांची गंमत वाटत होती. बायकोच्या जिवाची जबाबदारी बुवांनी सरळ नवऱ्याच्या मनावर ढकलली होती, आणि त्या साध्या माणसानं ती उचलली होती.

"कार्टे, मघापासून तो फॅक्स अडखळतोय, तुम्हाला कुणाला ऐकू येत नाही का?"

बाकावर माझी आत्या बसली होती. जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासायला आलेली आणि नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी पोचलेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं बत्तीस वर्षं हेडफोन लावून काढली. मी तिला हाताला धरून आत नेलं.

"मशीनचा आवाज मोठा कर आणि परत लाव," आत्या म्हणाली. तिनं कान मशीनला लावला. "ही शिट्टी म्हणजे रामराम. दोन्हीकडची ओळख नीट झाली. आता पान सुरू झालं. हा बघ, एक तुकडा गळला. हा दुसरा. आता परत परत मागतंय. गेलं."

मशीननं मान टाकली. आत्यानं बुवांकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही संगणक का बंद करायला लावता?"

"त्यांच्या लहरी..."

"लहरी राहू द्या. या डब्याला आणि संगणकांना इंटरनेट एकच आहे ना? मग रस्ता एक आणि गाड्या शंभर. बाकीच्या गाड्या थांबवल्या की तुमचा फॅक्स जाणारच. कडं न फिरवताही गेला असता. सकाळी जायचा, आता का जात नाही? वर कोण आहे?"

वर एक्स-रे केंद्र. डॉक्टरसाहेब घसा साफ करत म्हणाले, "ते आपलंच इंटरनेट वापरतात. त्यांना मीच दिलंय."

"उघडतात किती वाजता?"

"दहाला," मी म्हटलं.

"झालं तर. एक्स-रेचे एवढाले फोटो वरचे लोक पाठवतात आणि किंतू या बिचाऱ्याच्या मनात."

एक्स-रेवाल्यांना थांबवायला कुणीतरी पळत निघालं, तर आत्यानं अडवलं. "त्यांचेही पेशंटच आहेत. आणि रोज कुणाकुणाला थांबवाल?" मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. जुन्या फोनला बोलणं संपेपर्यंत एक वाट राखून ठेवलेली असे. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे करतात, ते दाबून बसवतात आणि गर्दीत सोडतात. माणूस बोलत असला तर एखादा तुकडा गळला तरी आपला कान भरून काढतो. फॅक्सला ते जमत नाही. त्याच्यासाठी ती शिट्टी म्हणजेच अक्षर.

तिनं मशीनचा वेग चौदा हजारांवरून नऊ हजार सहाशेवर आणायला लावला. "हळू बोललं की गर्दीतही समजतं." गळलेला तुकडा पुन्हा पुन्हा मागायची सोय बंद केली. पान जरा डागाळेल, पण अडकणार नाही. मग मला फोन कंपनीला लावायला सांगितलं. त्यांच्या डब्यात फॅक्ससाठी वेगळी पद्धत असते, ती चालू आहे का ते विचार म्हणाली. बावीस मिनिटं मी त्यांचं संगीत ऐकलं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या नंबरवर ती बंदच दिसतेय. चालू करू का?" एवढंच विचारायचं होतं, आणि ते दोन महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं.

साडेतीन वाजले होते.

"सगळे संगणक चालू करा," आत्या म्हणाली. "मोबाइल घ्या, गप्पा मारा. आणि सगळ्यांनी मनात भरपूर अविश्वास धरा. बुवा, तुम्हीसुद्धा."

ड्रायव्हरकाका मशीनसमोर उभे राहिले. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. चौथ्याला काकांनी टेबलाची कड धरली. वर एक्स-रेवाल्यांचं काम चालूच होतं. सातवं फार हळू गेलं. मग आठवं आणि नववं. मशीननं पावती टाकली. नऊ पानं, तीन वाजून एकेचाळीस मिनिटं.

काकांनी ती तीनदा वाचली आणि मग खुर्चीत बसून रडले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" डॉक्टरसाहेबांनी बुवांना विचारलं.

बुवा आपलं सामान पिशवीत भरत होते. "एका हापिसात बसलो होतो," ते पडेल आवाजात म्हणाले, "फॅक्स जात नव्हता. सगळे जेवायला गेले आणि तो गेला. का गेला ते मला आजच कळलं."

"मग आज या माणसाच्या विश्वासाला बोल लावलात, तो कशाच्या जोरावर?" मी विचारलं. त्यांनी पिशवी उचलली. जाताना कडंही विसरले. आता ते संडासाच्या किल्लीला आहे.

समितीनं त्याच दिवशी परवानगी दिली. तीन महिन्यांनी काकू स्वतःच्या पायांनी जिना चढून लॅबमध्ये आल्या आणि मशीनसमोर हात जोडायला लागल्या. काकांनीच त्यांचे हात खाली घेतले.

"हे पावत नाही गं," ते म्हणाले. "पोचवतं."

मला जे सांगायचं होतं ते काकांनी सांगून टाकलं. तरी माझं थोडं जोडते. कुणी चमत्कार दाखवला तर डोळे मिटू नका. तोच पुन्हा करायला सांगा, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या हातानं. आणि तो फसल्यावर दोष तुमच्या मनाला दिला, तर त्या माणसाला दार दाखवा. ड्रायव्हरकाकांच्या मनात गाडी चालवताना जो किंतू आला होता ना, त्या दिवशी सबंध लॅबमध्ये शहाणपणाची गोष्ट तेवढीच होती.